काजळी धरलेला तारा



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, "ताई, माझं नाव आता काढून टाका. वय झालं, माझ्याकडून गटाला काय मिळणार?" तेव्हा मला काही सुचलं नाही. मी बी.ए. झालेली, विज्ञान शिकलेली नाही. पण नंतर एका म्हाताऱ्या ताऱ्याबद्दल वाचलं, तेच आज सांगते.

पौष-माघात रात्री मृग नक्षत्र चांगलं वर येतं. त्याच्या दक्षिणेला शशक, म्हणजे सशाचा तारकासमूह आहे. त्यात एक गडद लाल तारा आहे. १८४५ साली जॉन रसेल हिंड या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला तो दुर्बिणीतून रक्ताच्या थेंबासारखा दिसला.

तो इतका लाल का? तारा आयुष्यभर पोटात हायड्रोजनचा हेलियम करतो. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तो फुगतो, वरून थंडावतो आणि तांबडा होतो. पुढे आत तीन-तीन हेलियम जुळून कार्बन बनतो. कार्बन म्हणजे आपल्या कोळशात आणि काजळीत असतो तोच.

आमटीला उकळी फुटली की तळाची डाळ वर येते ना? तसा म्हातारपणी ताऱ्याच्या पोटातला कार्बन ढवळून वर येतो. वर आधीच ऑक्सिजन असतो. एक कार्बन, एक ऑक्सिजन अशा जोड्या लागतात. कार्बनचे अणू ऑक्सिजनपेक्षा जास्त झाले, की उरलेल्या कार्बनची काजळी धरते. निळा उजेड त्यात अडतो, लाल तेवढा बाहेर येतो. काच काजळलेला कंदील आठवा. अशा ताऱ्याला कार्बन तारा म्हणतात. सगळे तारे असे होत नाहीत. सूर्याच्या साधारण दीडपट ते चौपट वजनाचे बरेचसे होतात.

शेवटी तारा ही काजळी आभाळात उधळून देतो. तिच्यातून पुढे नवे तारे, नव्या पृथ्व्या घडतात. आपल्या अंगातला, ज्वारीच्या दाण्यातला बराचसा कार्बन अशाच म्हाताऱ्या ताऱ्यांनी दिलेला आहे. तरुणपणी तो त्यांच्याकडे वर आलेलाच नव्हता.

आजी, तुमचं नाव मी काढलेलं नाही. बियाणं राखेत घोळून वर्षभर कसं टिकवायचं, हे आमच्या गटात तुमच्याशिवाय कोणाला येत नाही. पुढच्या बैठकीत ते तुम्हीच शिकवायचं.