कोर्टाच्या दारातलं लेकरू आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनी एका समाजसेविकेने केलेले भाषण)



नवरा-बायकोचा वाद कोर्टात जातो तेव्हा दोघांनाही वकील मिळतो. लेकराला कोण असतं? ते बाहेर बाकड्यावर बसतं, आणि येणारा-जाणारा विचारतो, "तुला आई पाहिजे का बाप?" समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात, तशी सोय १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात आहे. पण पाव्हण्या-रावळ्यांनी तो प्रश्न विचारू नये. कोणतंही उत्तर दिलं तरी लेकराला वाटतं, मी एकाला टाकलं.

१९५१ साली हिंदू कोड बिल रखडलं आणि बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. पुढे त्याच बिलातून जे कायदे निघाले, त्यांतला १९५६ चा पालकत्वाचा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईजवळ राहावं, आणि सर्वांत वर मुलाचं हित, असं तो सांगतो.

हे हित ठरवायचं कसं? १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकाची आणि समाजसेवी संस्थांची मदत घेण्याची तरतूद आहे. कार्यकर्ता दोन्ही घरं पाहतो. लेकराला शाळेत कोण सोडतं, आजारपणात उशाशी कोण बसतं, हे शेजारी, गुरुजी यांना विचारतो. लेकराशी एकट्याने, सावकाश बोलतो. आपल्या अंबाजोगाईत डॉ. शैला लोहिया यांच्या मनस्विनी महिला प्रकल्पाने टाकलेल्या बायकांसाठी काम उभं केलं; आई सावरली की लेकरूही सावरतं.

बीड जिल्ह्याची अडचण मात्र वेगळी आहे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. संसार मोडला की कोयताही मोडतो, मुकादमाची उचल मात्र अंगावर राहते. लेकरू आजीच्या गळ्यात. तारीख पडते डिसेंबरात, आणि आई असते कारखान्याच्या फडात! ती आली नाही तर निकाल एकतर्फी लागू शकतो. म्हणून फडावर जाण्याआधीच वकिलाला सांगा, लेखी अर्ज द्या.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जातीच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बीडच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. मूल संकटात असेल तर १०९८ वर फोन करा. आणि वाद कितीही चिघळला तरी लेकराची शाळा तुटू देऊ नका.

शेवटी समितीला एक विनंती. कोर्टाने भेट ठरवून दिली की बाप लेकराला बसस्टँडवर भेटतो, चहाच्या टपरीवर भेटतो. दोन्ही बाजू कबूल असतील तर ही भेट आपल्या विहारात का होऊ नये? महिन्यातला एक रविवार, एक चटई आणि शांत बसणारं एक जाणतं माणूस, एवढंच लागतं. समितीने हे मनावर घ्यावं.

जयभीम.