खाड्यांचा हिशेब

(मंगळवार पेठ, कोल्हापूर येथील पालकसभेतील भाषण)



शाळेत एखाद्या मुलीच्या हातून पेन्सिल गळू लागते, अक्षर बिघडते, चेहरा वेडावाकडा होतो, ती विनाकारण रडते. बाई रागावतात, आजी दृष्ट काढते, शेजारी देवऋष्याचे नाव सुचवितात. वास्तविक काही आठवड्यांपूर्वी तिचा घसा धरलेला असतो. त्या जंतूंशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये मेंदूवरच उलटलेली असतात. हा सिडनहॅमचा कोरिया. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ साली त्याचे वर्णन केले. तो संधिवाती ज्वराचाच एक आविष्कार होय. कोंदट खोलीत दाटीने राहणाऱ्यांना तो अधिक गाठतो. श्रीमंत देशांतून तो ओसरला, तो पेनिसिलिनमुळे आणि तितकाच ऐसपैस घरांमुळे.

याच जातीचा, २००७ साली प्रथम ओळखला गेलेला एक मेंदूदाह आहे. त्यावर इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागले, तर वीस किलो वजनाच्या मुलाला सर्वसाधारणपणे ४० ग्रॅम लागते, आणि घरातले सोने गुजरीत जाते. हा खर्च निदान सर्वांच्या डोळ्यांत भरतो.

कोरियाचे औषध मात्र स्वस्त. आजार उलटू नये, हृदयाच्या झडपा वाचाव्यात, म्हणून पेनिसिलिनचे इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावयाचे. तीन आठवड्यांचा क्रम धरला तर वर्षाला सतरा खेपा. बाप उद्यमनगरात रोजंदारीवर, आई चार घरची धुणीभांडी करणारी. रांगेत दिवस जातो, म्हणजे आईचे सतरा खाडे. तिला पगारी रजा कोण देणार? चार खाड्यांनंतर एक घर सुटते. मग एक खेप चुकते, पुढे दुसरी. त्यावर तिलाच निष्काळजी ठरविणारे सुशिक्षित कमी नाहीत!

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ठरावीक उपचारांचा रुग्णालयीन खर्च भागतो. बुडालेल्या मजुरीला तेथे रकानाच नाही. हे तत्त्व सरकारला अपरिचित आहे असेही नाही. २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने बाळंतपणात बुडणाऱ्या मजुरीची अंशतः भरपाई मान्य केली आहे. मग आजारी मुलाच्या आईलाच ती का नाकारावी?

तोवर महापालिकेने पेठेतील दवाखाना संध्याकाळी, कामे सुटल्यावर उघडा ठेवावा. या इंजेक्शनाची क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते, तेव्हा प्रशिक्षित परिचारिका व तातडीची औषधे तेथे हवीत. आणि ज्या संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले, तेथील शिक्षकांना ही लक्षणे जूनमध्ये, शाळा उघडतानाच सांगितली जावीत. कारण बिघडलेले अक्षर प्रथम त्यांनाच दिसते.