एक शीट, तीन बोटी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग बोटींवर आहे. हाताच्या बोटांवर नाही, पाण्यातल्या बोटींवर. आणि तुम्ही म्हणाल, मला कुठे बोट घ्यायचीये? तर नसेलही घ्यायची. पण भागीदारीत काही घेताय का? मित्रांबरोबर जमीन, भावाबरोबर फ्लॅट, चौघांत मिळून एक गाडी? मग ऐका, कारण आजचा खरा विषय तोच आहे. सगळे मिळून एकाच वस्तूकडे बघत असतो, पण प्रत्येकाला त्यात वेगळंच काही दिसत असतं. हे पैसे द्यायच्या आधी कसं शोधायचं?

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दर जानेवारीत बोटींचं एक प्रदर्शन भरतं. १९६९ पासून भरतंय आणि नऊ दिवस चालतं. अलीकडच्या वर्षांत दोन लाखांहून जास्त लोक येतात. प्रदर्शनाच्या नावाचं स्पेलिंग बघून आपण सरळ 'बूट' वाचतो, पण जर्मन उच्चार अगदी आपल्यासारखा आहे, 'बोट'. गंमत म्हणजे आत गेल्यावर दोन्ही खरं ठरतं. देवळात शिरताना काढतो तसे बूट काढल्याशिवाय कुणी बोटीवर चढू देत नाही. त्यामुळे पहिली टिप आत्ताच घेऊन टाका: मोजे धुतलेले आणि न फाटलेले घाला.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझी एक मैत्रीण, मूळची पुण्याची, आणि एक मित्र, रत्नागिरीचा. तिघंही इथे सॉफ्टवेअरमध्ये. मैत्रिणीला चार वर्षांची मुलगी आहे. मित्राच्या घरी तीन पिढ्या मासेमारी. वडील तांडेल होते, आता गुडघ्यांमुळे समुद्रावर जात नाहीत. आमचा बेत असा होता की प्रत्येकी दहा हजार युरो घालायचे आणि नऊ मीटरच्या आसपासची सेकंडहँड शिडाची बोट घ्यायची. ठेवायची हॉलंडला, आयसलमेरवर. ड्युसेलडॉर्फहून गाडीने दोन-अडीच तास.

मग सेकंडहँड घ्यायचीये तर नव्या बोटींच्या प्रदर्शनात कशाला? कारण सेकंडहँड बोट बघायला एका गावात एक आणि शंभर किलोमीटरवर दुसरी असं फिरावं लागतं. इथे एका दिवसात वीस बोटींवर चढता येतं. किंमत बघायचीच नाही, प्रकार बघायचा. आज हॉलमध्ये चकचकीत उभी असते, तीच पंधरा वर्षांनी आपल्या बजेटमध्ये येते.

आणि हे प्रदर्शन बंद हॉलमध्ये असतं, याचा मोठा फायदा आहे. बोटी पाण्यात नसतात, स्टँडवर कोरड्या उभ्या असतात. त्यामुळे पाण्याखालचं सगळं दिसतं: कील, सुकाणू, पंखा. बंदरात हे कधीच दिसत नाही. कील म्हणजे बोटीच्या पोटाखालचा तो जड भाग. वारा शिडाला ढकलतो तेव्हा बोट आडवी होऊ नये आणि बाजूला सरकू नये, ते काम कीलचं. कुठे लांब, सुरीसारखी खोल कील, तर कुठे आखूड. काही बोटींना दोन कील असतात, म्हणजे ओहोटीला बोट दोन पायांवर उभी राहते. काहींची कील वर उचलता येते.

मित्राने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना एवढं सगळं झगमगीत दाखवलं, दिवे, गालिचे, लाकडी फर्निचर. त्यांचा पहिला प्रश्न: "अरे, ती पाण्यात बसते किती, ते विचार."

आमच्या शीटमध्ये तो कॉलम होता, पण अकरावा. मैत्रिणीने चौदा कॉलमची शीट केली होती, लांबी, किंमत, झोपायच्या जागा वगैरे. फोन ठेवला आणि तिने तो कॉलम उचलून पहिला केला. कारण बघा, आयसलमेर पूर्वी समुद्राचा फाटा होता. १९३२ मध्ये आफस्लाउटडाइक नावाचा बत्तीस किलोमीटरचा बांध पूर्ण झाला आणि त्याचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं. बहुतेक ठिकाणी खोली चार-पाच मीटर, काठाशी त्याहून कमी. आणि बांधाच्या पलीकडे वाडन समुद्र, जिथे ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. आपल्या कोकणातल्या खाड्यांसारखंच. खोल कीलची बोट घेतली तर ती वेगात जाते, वाऱ्याला छान तोंड देते, पण वाडनमध्ये बरीच ठिकाणं तिला बंद. म्हणजे कील निवडली की तुम्ही नकाशा निवडता. हे मित्राच्या वडिलांना नकाशा न बघता माहीत होतं.

दुसरी गोष्ट, एक छोटीशी पाटी. युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक बोटीवर बनवणाऱ्याची पाटी असावी लागते. त्यावर एक अक्षर असतं, ए ते डी. 'डी' म्हणजे शांत, आडोशाचं पाणी: बोफर्ट मापावर ४ पर्यंत वारा आणि लाट ०.३ मीटरपर्यंत. 'सी' म्हणजे ६ पर्यंत वारा, लाट २ मीटरपर्यंत. 'बी' म्हणजे ८ पर्यंत वारा, लाट ४ मीटरपर्यंत. 'ए' त्याच्याही वर. आता खरी मेख ऐका. त्याच पाटीवर माणसांची कमाल संख्या असते, आणि बऱ्याच बोटींवर ती अक्षरागणिक बदलते. एकच बोट 'सी'च्या पाण्यात आठ माणसांची असू शकते आणि 'बी'च्या पाण्यात सहाच. माहितीपत्रकात मात्र मोठ्या अक्षरात काय असतं? झोपायच्या जागा. गादी किती जणांना पुरते आणि खवळलेल्या पाण्यात बोट किती जणांना झेपते, हे दोन वेगळे आकडे आहेत. पाटी शोधा. सापडली नाही तर स्टँडवरच्या माणसाला विचारा. आम्ही विचारलं, तो खूश झाला, म्हणाला हे फार कमी लोक विचारतात.

तिसरी गोष्ट, लांबी. इथे आपण इंजिनियर लोक तरी फसायला नको. नऊ मीटरची बोट आणि बारा मीटरची बोट, फरक वाटतो एक तृतीयांश. पण बोट ही रेषा नाही, ती घनफळ आहे. सगळ्या बाजूंनी त्याच प्रमाणात वाढवा: चार तृतीयांशचा घन, म्हणजे जवळजवळ २.३७. वजन सव्वादोन पटीच्या वर गेलं. मग शीड मोठं, दोर जाड, नांगर जड, इंजिन मोठं. हॉलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी बोट ठेवायचं भाडं लांबी गुणिले रुंदी असं लागतं. नऊ बाय तीन म्हणजे २७ चौरस मीटर. बारा बाय चार म्हणजे ४८. आणि दोन पोटांची कॅटामरान, बारा बाय सात धरली तर ८४. शिवाय बोटवाल्यांचा एक ढोबळ आडाखा आहे, बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी खर्चाला धरा. विमा, भाडं, तळाचा रंग, थंडीत बाहेर काढून ठेवणं. आपल्याकडे होड्या पावसाळ्यात वर ओढतात, इथे हिवाळ्यात. आणि तिसांची बोट घेतली म्हणून खर्च तिसांचा धरू नका. दोर, शीड आणि कारागिराची मजुरी बोटीच्या आजच्या किमतीकडे बघत नाही, बोटीच्या आकाराकडे बघते.

चौथी, इंजिन. हो, शिडाच्या बोटीलाही इंजिन असतं, आणि बंदरात शिरताना तेच तारतं. मित्राच्या वडिलांनी पुन्हा फोनवर सांगितलं, "झाकण उघड. आता हात घाल. फिल्टरला पोचतो? पाण्याच्या पंपाला?" एका बोटीत जिना बाजूला केला की सगळं समोर होतं. दुसरीत मागच्या खोलीतली गादी उचलून, फळी काढून, पोटावर आडवं पडून हात घालावा लागत होता. ते म्हणाले, "ही बोट हालत असताना तू हे करणार? ओकशील." झालं, शीटमध्ये पंधरावा कॉलम: हात पोचतो का.

असं करत संध्याकाळी पाचपर्यंत अकरा बोटी पाहिल्या, आकडे भरले. आता प्रत्येक कॉलमला वेटेज द्यायचं आणि बेरीज करायची. मैत्रीण म्हणाली, "वेटेज तिघांनी वेगवेगळं देऊया, एकमेकांचं न बघता." मला वाटतं अख्ख्या दिवसातलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य होतं.

तिघांची उत्तरं तीन आली. डेटा एकच, शीट एकच, आणि पहिला नंबर प्रत्येकाचा वेगळा.

माझी पहिली आली हलकी, खोल कीलची, वेगात जाणारी बोट. तिची आली खोल बैठकीची, उंच कठड्याची, चढायला-उतरायला सोपी बोट, कारण तिच्या डोळ्यांपुढे डेकवर पळणारी चार वर्षांची मुलगी होती. आणि मित्राची आली कील उचलता येणारी, संथ, थोडीशी बोजड. आम्ही विचारलं, ही का रे? तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात बाबा येणारेत. त्यांना जिन्यावरून खाली उतरता यायला पाहिजे. आणि ओहोटीच्या पाण्यात न्यायचंय त्यांना. सरोवरात त्यांना काय मजा?"

बघा, आठ महिने आम्ही या बोटीबद्दल बोलत होतो. दर शनिवारी. ग्रुपवर शेकडो लिंका. आणि 'आपली बोट' म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळी बोट तरंगत होती. हे प्रदर्शनातल्या प्लास्टिकच्या टेबलावर, फ्राईज खाताना कळलं हे फार बरं झालं. तीस हजार युरो गेल्यावर, पहिल्याच शनिवारी बंदरात कळलं असतं, तर बोट विकता आली असती, पण शनिवारचं आमचं ते बसणं परत आलं नसतं. परदेशात मराठीत भांडता येतील अशी माणसं मोजकी असतात.

मग ठरलं काय? तीन गोष्टी.

एक, या मोसमात घ्यायची नाही. भाड्याने घ्यायची. तीन शनिवार-रविवार, तीन प्रकारच्या बोटी, प्रत्येकाच्या पसंतीची एक, आणि तिन्ही वेळा तिघांनी यायचं. कारण हॉलमधली बोट हलत नाही. तिथे वारा नाही, ओलं नाही, थंडी नाही. हाताला धरायला जागा आहे की नाही हे बोट तिरकी झाल्यावरच कळतं.

दोन, आधी शिकायचं. हॉलंडमध्ये पंधरा मीटरपेक्षा लांब किंवा ताशी वीस किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाणारी बोट असेल तरच लायसन्स लागतं. म्हणजे आमची बोट कायद्याने कुणीही चालवू शकतो. पण कायद्याने सूट दिली म्हणून आयसलमेरच्या आखूड, उभ्या लाटा सूट देत नाहीत. उथळ पाण्यात वारा वाढला की लाट पटकन ताठ होते. तिघांनीही जर्मनीतल्या सागरी लायसन्सच्या कोर्सला नाव घातलंय.

तीन, कागद. घ्यायच्या आधी लेखी करार. कुणाची नोकरी गेली, कुणी भारतात परत गेलं, तर त्याचा हिस्सा कुणी, कोणत्या भावाने, किती महिन्यांत घ्यायचा. दुरुस्तीचा खर्च किती युरोपर्यंत न विचारता करायचा. ज्याला हवामान बघून 'आज नको' वाटेल त्याचा शब्द शेवटचा, त्यावर मतदान नाही. हे शेवटचं कलम मैत्रिणीने घातलं आणि वादच झाला नाही.

मित्राने ते कलम रात्री वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आमच्याकडे हे लिहायला लागत नाही, तांडेल नको म्हणाला की नको. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्यात तांडेल कोण?" याचं उत्तर अजून आमच्याकडे नाही. भाड्याच्या तीन फेऱ्यांनंतर कदाचित असेल.

तर मंडळी, बोट असो, जमीन असो, शेअरमधलं ऑफिस असो, एकत्र घ्यायच्या वस्तूची शीट जरूर करा. पण वेटेज प्रत्येकाने एकटं बसून भरा आणि मग एकमेकांना दाखवा. उत्तरं जुळली तर मजाच. नाही जुळली तर घाई करू नका, एकेकाला विचारा, 'ही का?' आणि तो बोलेपर्यंत थांबा.

पुढच्या भागात भाड्याच्या पहिल्या बोटीची गोष्ट सांगेन, तोवर मे उजाडलेला असेल. तुमच्यापैकी कुणी भागीदारीत काही घेतलं असेल, टिकलं असेल किंवा मोडलं असेल, तर नक्की कळवा. भेटूया. काळजी घ्या!