हिशेब कोणी पाहायचा?



जळगावच्या घरकुलांची हकीकत आपण ऐकली असेलच. नगरपालिकेने गरिबांसाठी घरे काढली, कर्ज झाले, घरे मात्र अपुरी राहिली. २००६ साली महानगरपालिकेच्या आयुक्तांनीच फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. मध्ये तेरा वर्षे गेली! सरकारी लेखापरीक्षण तेथेही होतेच. पण ते पैसा खर्च झाल्यावर येते.

आता आपल्या घराकडे वळू. अनुदानित शाळेतील शिक्षकाचा, म्हणजे माझाही, पगार जनतेच्या करातून येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्याबाहेर ठेवल्या. आपला हक्क राखला गेला, याचा मला आनंदच आहे. पण म्हणून हिशेब टळतो काय? तपासलेला ताळेबंद धर्मादाय आयुक्तांकडे जातो, तो मराठीत व उर्दूत शाळेच्या फलकावर का लागू नये? तपासनीसही कार्यकारिणीच्या नात्यागोत्यातला नसावा.

प्रश्न विचारणाऱ्या पालकाला आपल्याकडे लगेच विरोधी गटात बसवितात. (आयांना तर सभेचे निमंत्रणच पोहोचत नाही.) तरीही येत्या पालकसभेत एवढे विचारा : वेतनेतर अनुदान किती आले, आणि ते कशावर खर्च झाले?