लोणारचं वय चिमूटभर दगडात

आम्ही शेगावहून बोलतोय. आपल्या गटांच्या सहली लोणारला जातात आणि तिथे एक वाद हमखास रंगतो. एक ताई म्हणते, सरोवर पन्नास हजार वर्षांचं. दुसरी म्हणते, पाच लाखांच्या वरचं. दोघींनीही ते कुठंतरी वाचलेलं असतं.

उल्का आदळून हे विवर झालं, हे १९७३ साली दगडांच्या तपासणीतून पक्कं झालं. (लवणासुराची गोष्ट सांगायला त्यानं काही अडत नाही.) पन्नास हजारांचा आकडा आधीच्या एका पद्धतीतून आला होता. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आघातानं वितळलेल्या दगडाचे तुकडे तपासले. उत्तर आलं ५ लाख ७० हजार वर्षं, त्यात ४७ हजार इकडेतिकडे. आम्हाला हाच आकडा जास्त भरवशाचा वाटतो. का, ते ऐका.

खताच्या गोणीवरचं पोटॅश आपल्याला ठाऊक आहे. त्यातलं पोटॅशियम दगडातही थोडं असतं. त्याचा एक अगदी लहान हिस्सा फार सावकाश बदलून आरगॉन नावाचा वायू होतो. इतका सावकाश की निम्मं सरायला १२५ कोटी वर्षं लागतात. हा वायू दगडातच कोंडून राहतो, झाकण लावलेल्या पातेल्यातल्या वाफेसारखा. उल्का आदळली, दगड वितळला, झाकण उघडलं, जुना वायू निघून गेला. दगड थिजला, की नवा वायू साठायला लागला. तो किती साठला, त्यावरून वय कळतं. मात्र दगड लवकर थिजला तर थोडी जुनी वाफ आतच राहते. मग वय उगाच जास्त दिसतं. तेवढं वजा करणं हेच या कामातलं अवघड.

मोजतात कसं? दगडाच्या बारीक कणांवर लेझरचा झोत सोडून ते तापवतात. सुटलेला वायू यंत्रात चुंबकापुढून नेतात. हलके अणू जास्त वळतात, जड कमी. खळ्यावर धान्य उफणताना भुसा लांब उडतो आणि दाणे जवळ पडतात, तसंच. एकाच वायूचे कमीअधिक वजनाचे अणू असे वेगळे मोजले जातात.

लोणारच्या मातीत मिलिमीटरहून बारीक काचेचे मणीही सापडतात. आघाताच्या वेळी उडालेले ते थेंब आहेत. तेव्हा सहलीला गेलात तर तिथला खडा आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. पोरांचे खिसेही निघताना तपासा.