मालवण ते कलकत्ता : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर



महाराष्ट्रापासून दूर राहून मराठी शाळा साठ वर्षे चालविणाऱ्या आपणांसमोर, आयुष्याचा ऐन काळ परप्रांती वेचलेल्या एका मराठी वनस्पतिशास्त्रज्ञाचे स्मरण करणे मला उचित वाटते.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करीत असताना सह्याद्रीतील नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. त्याचे गणगोत तोवर केवळ आफ्रिकेतच ज्ञात होते. या शोधाने त्यांचे नाव जाणत्यांपर्यंत पोहोचले. पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापकपद दिले. उच्च अध्ययनासाठी ते १९१४ साली जर्मनीस गेले, तोच महायुद्ध भडकले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तेथे स्थानबद्धता भोगावी लागली. तरीही अभ्यास न सोडता १९१९ साली त्यांनी बर्लिन येथे डॉक्टरेट संपादन केली. विषय होता वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या प्रदेशांतील वनस्पतींचे मूळ आणि त्यांचा प्रसार. रुईची म्हातारी वाऱ्यावर तरंगते, गोखरूचा काटा गुरांच्या खुरांत रुततो. आपण सहज पाहतो, त्याचाच हा शास्त्रीय विचार होय.

सुमारे पाव शतक त्यांनी कलकत्त्यात विद्यार्थी घडविले. १९४६ मध्ये पुण्यास परतल्यावर, विश्रांतीच्या वयात, त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. १९६० साली ते निवर्तले. १९९२ पासून त्या संस्थेची प्रयोगशाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. गहू, सोयाबीन आणि द्राक्षे यांवरील तेथील संशोधन आज शेतकऱ्यांच्या उपयोगी पडते.

पालकहो, इंग्रजीवाचून विज्ञान नाही, या समजुतीने आपली मुले मराठी शाळेपासून दुरावत आहेत. आघारकरांना इंग्रजी आणि जर्मन दोन्ही अवगत कराव्या लागल्या, हे खरेच. परंतु विज्ञानाचा आरंभ निरीक्षणाने होतो, आणि मूल प्रथम घरच्या भाषेतच विचारते, 'हे काय आहे?' त्या प्रश्नास उत्तर देणारे कोणी हवे.

म्हणून एक विनंती आहे. भिलाईच्या परिसरातील वृक्षांची नोंदवही या शाळेत सुरू व्हावी. पळसापुढे छत्तीसगढी 'परसा' आणि मोहापुढे 'महुआ' लिहिले जावे. शास्त्रीय नाव, फुलोऱ्याचा काळ आणि बीजाचा प्रवासही टिपला जावा. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक रविवार त्यास द्यावा. या भूमीत रुजलेल्या आपणां सर्वांस तिची झाडे नावानिशी ओळखता यावीत, एवढेच मागणे.