पगारी मुलगी की उक्तं काम?

(उत्पादक महिला गटांच्या शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



कालच्या चर्चेत सात-आठ गटांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मांडला. मसाले, पापड, गोधड्या, कापडी पिशव्या, माल आपला चांगलाच असतो. पण गिऱ्हाईक आता फोनवर माल बघतं. फेसबुकचं पान, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी हे सगळं बघायला कुणीतरी हवं. मग त्यासाठी एखादी मुलगी पगारावर ठेवायची, की बाहेर कुणाला उक्तं काम द्यायचं? बहुतेकींचा कल उक्त्याकडे दिसला. एक ताई म्हणाल्या, "महिन्याला साडेतीन हजार दिले की झालं. रजा नको, बाळंतपण नको, भानगडच नको."

ताईंवर माझा राग नाही. गटाच्या खात्यात पैसा किती असतो ते मला ठाऊक आहे. पण "भानगड नको" हे वाक्य मी ओळखते. विडी कामगार बायकांच्या सभांमधून फिरताना मालकांच्या तोंडून ते मी कितीदा ऐकलंय. "ही आमची कामगार नाहीच, घरी बसून वळते, हजारी विड्यांवर पैसे घेते." त्याविरुद्ध बायका लढल्या. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, त्यामागे 'सेवा'सारख्या संघटनांचा रेटा होता. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही, ती गोष्ट वेगळी. आज पहिल्यांदाच आपण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलोय, मालकाच्या. तिथं बसून आपण काय बोलतो हे आपणच ऐकायला हवं.

आता कायदा काय म्हणतो? कागदावर 'कंत्राट' लिहिलं म्हणजे कंत्राट होत नाही. शिलाईवाल्या बायकांना पटकन कळेल असा एक खटला सांगते. 'सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस' नावाचं आंध्रातलं दुकान. शिंपी नगावर पैसे घेत, येण्याजाण्याची ठरलेली वेळ नव्हती, काहीजण कापड घरी नेऊन शिवत. मालक म्हणाला, हे माझे नोकर नाहीत. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाहिलं की मशिनं दुकानाची आहेत, कसं शिवायचं ते दुकान सांगतं आणि शिवलेलं पसंत नसेल तर परत करतं. न्यायालय म्हणालं, हे नोकरच.

हीच पट्टी फोनच्या कामाला लावा. आठवड्यातून सहा दिवस गिऱ्हाइकांचे निरोप बघायचे, दर सांगायचे, ऑर्डर वहीत चढवायची, तक्रार आली तर अध्यक्षताईंना विचारून उत्तर द्यायचं. फोन गटाचा, वेळ आपण सांगितलेली, मजकूर आपण पास केलेला, आणि ती आजारी पडली तर तिनं दुसरीला पाठवलेलं आपल्याला चालत नाही. ही मुलगी कामाला ठेवलेलीच आहे, नाव काहीही द्या.

उलट, दिवाळीच्या आधी पंधरा मालांचे फोटो काढायचे, चार छोट्या चित्रफिती करायच्या, व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉग मांडून द्यायचा. इथं कॅमेरा तिचा, वेळ तिची, दर तिनं सांगितलेला, आणि आणखी पाच दुकानांची कामं तिच्याकडे आहेत. हे खरं उक्तं काम. ते उक्तंच द्यावं. एखादी मुलगी स्वतःचा व्यवसाय करत असेल तर तिला बळंच नोकरीत ओढण्यात काही पुरोगामी नाही. फक्त दर पाडून मागू नका. आपल्या गोधडीचा दर कुणी पाडला की आपण काय म्हणतो ते आठवा.

साडेतीन हजारांचा हिशेब काल फळ्यावर केलाच होता. रोजचे तीन तास धरले, महिन्याचे सव्वीस दिवस, तर अठ्ठ्याहत्तर तास होतात. तासाला पंचेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि तीन तास हे आपलं म्हणणं. निरोप रात्री साडेदहालाही येतात.

त्या रात्रीच्या निरोपांबद्दल थोडं थांबून बोलते, कारण काल यावर कुणीच बोललं नाही. उक्त्या कामात बहुतेक वेळा त्या मुलीचाच नंबर जाहिरातीत छापला जातो. मग 'मसाला केवढ्याला' विचारणाऱ्यांबरोबर घाणेरडे फोटो पाठवणारेही येतात. रात्री फोन वाजतो, घरात नवरा विचारतो, कुणाचा? सासू विचारते. आपला मसाला विकताना तिच्या घरात संशय शिरतो. म्हणून ती पगारी असो वा उक्ती, नंबर गटाचाच हवा, आणि ठरलेल्या वेळेनंतर तो फोन तिच्या घरी जाता कामा नये. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात पगारी, हंगामी, कंत्राटी, शिकाऊ, बिनपगारी अशा सगळ्या बायका येतात, आणि कामाच्या निमित्तानं संबंध येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून संरक्षण देणं हीसुद्धा मालकाची जबाबदारी आहे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. म्हणजे उक्तं दिल्यानं ही जबाबदारी टळत नाही.

बाळंतपणाचं तसं नाही. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पण ती दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी. आपले बहुतेक गट त्याच्या खालीच राहतात. कायदा आपल्याला भाग पाडत नाही. म्हणून रजा द्यायचीच नाही, की झेपेल तेवढी, समजा सहा-आठ आठवडे, आपणहून लिहून द्यायची, हा निर्णय गटाच्या बैठकीत घ्या. अध्यक्ष आणि सचिवांनी परस्पर घेऊ नका.

आता किल्ल्या कुणाकडे, हा विषय. 'ताईंचा मुलगा फुकटात करेल' हा तिसरा पर्याय फार गटांत चालतो. मुलगा गुणी असतो, फुकट करतो, मग पुण्याला नोकरीला जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. पान त्याच्या खात्यावर उघडलेलं, नंबर त्याचा, आणि आपली दोन हजार गिऱ्हाइकं तिकडे. तेव्हा खातं गटाच्या ईमेलवर आणि गटाच्या सिमकार्डावर उघडा. फेसबुकच्या पानावर पूर्ण ताबा गटातल्या किमान दोघींकडे ठेवा आणि काम करणारीला कामापुरती परवानगी द्या. जाहिरातीचे पैसे गटाच्या खात्यातून थेट जाऊ देत. काम संपलं की तिची परवानगी त्याच दिवशी काढा. त्यात अविश्वास नाही, दुकानाची किल्ली परत घेतो तसंच ते.

लिहिलेल्या मजकुराचंही बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना केलेलं काम, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचं. उक्त्या कामात पैसे देऊन काढून घेतलेले फोटो आणि चित्रफिती देणाऱ्याच्या, पण जाहिरातीचा मजकूर आणि बोधचिन्ह यांचा हक्क करणारीकडे राहतो, लेखी सही करून दिला नाही तर. त्या सहीत मुदत लिहिली नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो. डब्यावर, पिशवीवर, बिलावर आपण जे चिन्ह छापतो ते पाच वर्षांनी कुणाचं, हा प्रश्न तेव्हा नको, आत्ताच सोडवा. तिला त्याचे वेगळे पैसे द्या.

एकट्या गटाला पगार झेपत नाही, हे मान्य. पण चार गट मिळून एक मुलगी ठेवू शकतात. 'उमेद'मधल्या गटांचे ग्रामसंघ, प्रभागसंघ आहेतच. नेमणूक संघानं करायची, पगार वाटून घ्यायचा, आठवड्याचे दिवस वाटून घ्यायचे. एका मालकाखाली ती पूर्ण वेळ राहते आणि चार घरच्या पाहुण्यासारखी तिची ओढाताण होत नाही.

आणखी एक वाट लिज्जतची. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी सुरू केलेल्या त्या कामात पापड लाटणारी बाई नोकरही नाही आणि कंत्राटीही नाही, ती भागीदार आहे. फोन सांभाळणारी मुलगी गटाची सभासद होऊ शकते, नफ्यात वाटा घेऊ शकते. पण मग पापड लाटणारीला जशी लाटण्याची मजुरी मिळते तशी हिलाही फोनच्या तासांची मजुरी मिळायला हवी. 'सभासदच आहे ना, करेल' असं म्हणून फुकट राबवलं, तर तो पगारही नाही आणि उक्तंही नाही, ती वेठ झाली.

दोन कागद मी आणलेत, एक नेमणूकपत्राचा आणि एक उक्त्या कामाच्या कराराचा. दोन्ही एकेक पानाचेच आहेत. जेवणानंतर गटागटानं बसू, प्रत्येक गटानं आपलं काम कुठल्या कागदात बसतं ते आधी ठरवा आणि रकाने भरायला घ्या. पगाराचा रकाना शेवटी ठेवलाय. आधी कामाचे तास लिहा.